आक्काच्या मॅडम

आमच्या घरात आजारी माणसाला मान होता. कुणाला ताप आला की आई भात नेहमीपेक्षा जास्त शिजवून पळीच्या पाठीने घोटायची, त्यावर मिऱ्यांचं सार ओतायची आणि वाडगा घेऊन स्वतः अंथरुणाशी जाऊन बसायची. बाकीच्यांनी त्या दिवशी आपापलं वाढून घ्यायचं. मला हा मान फारसा मिळाला नाही, कारण मी आजारीच पडत नसे. "हिला काय होणार गे, ही दगड खाऊन ढेकर देईल," असं आत्या म्हणायची, आणि ते कौतुक आहे असं समजून मी हसायची. आक्काचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं, आजारपण आलं तेव्हा तो मऊ भात रोजचा झाला. आठवडे गेले, मग महिने गेले. ताप नाही, खोकला नाही, अंगावर कुठे काही दिसत नाही, आणि तरी आई रोज वाडगा घेऊन मधल्या खोलीत जायची, "दोन घास घे गे, माझी राणी," म्हणायची, नि अर्धा वाडगा तसाच घेऊन परत यायची. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. डब्यात वांगीभात भरून टाऊन बसने जायची आणि परत येऊन तो डबा स्वतः घासायची. एकदा मी मुद्दाम थर्मामीटर गरम कॉफीच्या लोट्याला टेकवून ठेवला आणि काखेत धरून निजले. आईने पारा बघितला, माझ्या कपाळाला हात लावला, आणि आक्काच्या खोलीत निघून गेली. रागावली असती तरी चाललं असतं.

आमची आळी तंजावूरच्या किल्ल्याच्या आतली, घरं एकमेकांना चिकटलेली, पुढे बसायला उंच तिन्नै, मागे विहीर आणि एक नारळ. सकाळी आधी कॉफीच्या डिकॉक्शनचा वास यायचा, मग देवळाकडून नागस्वराचा सूर, आणि त्या सुरावर चढून आत्याचा आवाज. ती अप्पांची थोरली बहीण, आमच्याकडेच असायची, आणि घरातल्या प्रत्येक भांड्याशी तिचं वैर होतं. अप्पा सरकारी कचेरीत. ते घरी कमी बोलत, आणि बोलले की वाक्य अर्धं सोडून देत. पुढचं आम्ही समजून घ्यायचं. या सगळ्यात मला बोलायला जागा होती ती आक्काजवळ. ती माझ्याहून चांगली मोठी. मधल्या खोलीत आमच्या दोघींच्या चटया शेजारी शेजारी असत. कोणत्या लेक्चररची नक्कल कशी करायची, कुणाच्या घरी कसली भांडणं, आत्याने आज कुठल्या डब्यात साखर लपवली, हे सगळं मी आधी तिला सांगायची आणि मग ते माझ्या लेखी घडलेलं असायचं. तीही मला सांगायची. मला सांगायची आणि मलाच सांगायची, याचा मला केवढा तोरा होता.

ती तिरुचीला शिक्षिकेचा अभ्यासक्रम पुरा करून आली, आणि हळूहळू थांबत गेली. दुसरा शब्द मला सापडत नाही. आधी बाहेर जाणं थांबलं, मग वेणी घालणं, मग बोलणं. न्हायला जा म्हटलं की न्हाणीघराच्या दाराशी जाऊन उभी राही आणि तशीच परत येई. लोक कारण विचारत. मुलगा बघायला आला होता का, कुणी काही बोललं का, परीक्षेत काही झालं का? आम्हीही शोधलं. कारण असतं तर त्याच्यावर रागावता आलं असतं. आत्याने दृष्ट काढली, मिरच्या जाळल्या, सगळं घर खोकलं, आक्का तेवढी खोकली नाही. शेवटी अप्पांच्या कचेरीतल्या कुणी तरी सांगितलं म्हणून तिला इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि वर म्हणाले की आठवड्यातून एकदा आमच्या मॅडमकडे बोलायला पाठवा.

गोळ्या घरात लगेच रुळल्या. गोळी म्हणजे औषध, तिला कोण नाही म्हणणार? पण बोलायला पाठवा, हे कुणाच्या पचनी पडेना.

"बोलायला? बोलायला आपल्या घरांत माणसं मेलीं आहेत काय?" आत्या म्हणाली. "मी सकाळपासून बोलत्यें आहे, तें कोण ऐकतें?"

"तेंच तर," अप्पा म्हणाले, आणि पुढचं सोडून दिलं.

"परक्या बाईला घरचें सांगायचें. उद्यां हिला कोण करून घेईल?"

"डॉक्टर म्हणाले आहेत. जाऊं द्या." अप्पांनी वर्तमानपत्र उघडलं, म्हणजे निकाल लागला.

आईला घर सोडवत नव्हतं, म्हणून आक्काला घेऊन जायचं काम माझ्याकडे आलं. सांगते ते खरं, मला आनंद झाला. आठवड्यातून एक दुपार आम्ही दोघी बसमध्ये शेजारी बसणार, मी खिडकी तिला देणार, आणि ती काही तरी बोलेल. मॅडमची खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. बाहेर लाकडी बाक, दाराला वरच्या बाजूला दुधी काच. मॅडम बेंगळूरला शिकून आलेल्या, चाळिशीच्या आसपासच्या, साध्या सुती साडीतल्या. त्या दारात आल्या, तमिळमध्ये "या" म्हणाल्या, आणि मी उठले तशी हसून म्हणाल्या, "तू नाही बाळ, फक्त अक्का." दार लागलं. मी बाकावर बसले. दुधी काचेतून दोन ठिपके दिसत होते, एक गडद, एक फिका, आणि त्यांतला माझा कोणता हे मला कळत होतं.

पहिल्या काही वेळा आतून आवाज आला नाही. मला बरं वाटलं. माझ्याशी बोलत नाही ती यांच्याशी काय बोलणार? मग एका दुपारी आतून पुटपुट ऐकू आली. लांबलचक, मधे थांबत, पुन्हा सुरू होणारी. ती आक्काची होती. आणि त्यानंतर कधी तरी, मला वाटतं पुढच्याच महिन्यात, आक्का आत हसली. मोठ्याने नव्हे, नाकातून येणारं एक छोटं हसू, आत्याची नक्कल केली की यायचं तसलं. आमच्या घरात सगळ्यांनी त्या हसण्यासाठी काय काय केलं होतं. आईने नवस बोलले होते, मी माकडासारख्या उड्या मारल्या होत्या. आणि ते हसू तिने त्या खोलीत, त्या बाईला देऊन टाकलं. कुणी माझी वस्तू माझ्यासमोर उचलून दुसऱ्याच्या हातात ठेवावी, तसं मला वाटलं. बहीण बरी होते आहे असं मनात यायला हवं होतं. ते आलं नाही. ते आलंच नाही, हे मी पहिल्यांदाच लिहिते आहे.

बाहेर आल्यावर आक्काचा चेहरा धुतल्यासारखा दिसायचा. बसस्टँडजवळच्या बेकरीत ती एक बन खायची, पुरा. मी विचारायची, "काय बोललीस गे?" ती म्हणायची, "असेंच." पूर्वी मला सगळं सांगणारी आक्का आता मला 'असेंच' देत होती. आणखी एक बोचत होतं. मॅडमशी ती तमिळमध्ये बोले. आमची मराठी ही घरातल्या घरात वापरायची भाषा. जेवलीस का, न्हालीस का, कोठे निघालीस, एवढं तिच्यात नीट मावतं. आज मला समजतं की आक्काला कदाचित हेच सोपं गेलं असेल. जे आईच्या भाषेत म्हणताना आईलाच लागेल, ते दुसऱ्या भाषेत म्हणता येतं. मी स्वतः लग्न करून सोलापूरला आल्यावर नवऱ्याशी भांडताना तमिळमध्ये शिरायची, ते त्यासाठीच असणार. पण तेव्हा मला एवढंच कळलं, की तिने आमच्या दोघींची भाषासुद्धा बाहेर ठेवली होती, माझ्याबरोबर, बाकावर.

मग एकदा मॅडमनी आईला आणि मला बोलावलं. आई नवी साडी नेसून आली, आणि खुर्चीच्या कडेवर बसली. मॅडम म्हणाल्या, "हा आळस नाही, हे आधी मनातून काढून टाका. आणि लाड करूनही जाणार नाही. तिला वाटतं, मन झालं की करीन. या आजारात मन आधी होत नाही. आधी हात हलवायचा, मन मागून येतं, पुष्कळ मागून येतं." मग त्यांनी विचारलं, आजारी पडण्यापूर्वी ती घरात रोज काय करायची? आई म्हणाली, फुलं बांधायची. खरंच होतं ते. रोज दुपारी कोपऱ्यावरची फुलवाली मापाने सुट्या कळ्या देऊन जायची, मोगरा, आणि वासाला मरवा. आक्का त्या केळीच्या दोऱ्यात बांधायची, दोन कळ्या इकडे, दोन तिकडे, मधे मरव्याची काडी, अशी घट्ट की मुळम, म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचा सर, हातात धरला तर वेतासारखा उभा राहायचा. संध्याकाळी तो देवाला जायचा, आणि उरलेला तुकडा आमच्या वेण्यांत.

"मग फुलं तिची," मॅडम म्हणाल्या. "रोज दुपारी ओल्या केळीच्या पानात तिच्याजवळ ठेवायची. तिने दोनच कळ्या बांधल्या तर दोनच. एकही नाही बांधली तर तशीच राहू द्यायची. सुकली तरी चालतील. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

"देवाला मग?" आई घाबरून म्हणाली. "तिन्हीसांजेला बिनफुलाचा देव?"

"देव थांबेल," मॅडम म्हणाल्या. "अम्मा, तिचं म्हणणं आहे की माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही. हे तिला नुसतं वाटत नाही, ते तिला खरंच दिसतं. मी तिला 'असं म्हणू नये' म्हणून काय उपयोग? घरात एक गोष्ट तिच्यावाचून अडली पाहिजे. रोज. आणि तिने ती डोळ्यांनी बघितली पाहिजे."

घरी आत्याने कानांवर हात ठेवले. पण अप्पा म्हणाले, "करून बघूं," आणि आईने पान मांडलं. ते दिवस मला वासाने आठवतात. सुकणाऱ्या मोगऱ्याला एक आंबूस, कुजका गोड वास येतो. दुपारी पांढऱ्या कळ्या, संध्याकाळी उमललेल्या, सकाळी तपकिरी. आई रोज सकाळी ते पान उचलून विहिरीमागे टाकायची आणि पदर डोळ्यांना लावायची. देवापुढे नुसती तुळस. "ह्या घरांत आतां काय काय बघायचें आहे तें त्या मॅडमला विचारा," आत्या म्हणायची. आणि मग एका दुपारी आक्का उठून बसली. दोरा दातात धरला, आणि वीतभर सर बांधला, ढिला, वेडावाकडा, मरवा एकीकडे लोंबणारा. आईने तो देवाला घातला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली. त्या आठवड्यात मॅडमकडे जाताना आक्काने बसमध्ये स्वतःहून खिडकी मागितली. मी विचारलं, "काय गे, आज खुशींत दिसत्येस?" ती म्हणाली, "मॅडमना सांगायचें आहे." मला सांगायची गरज नव्हती, मी तर घरात होते, मी बघितलंच होतं. तरी मला ते लागलं. फुलं बांधली आमच्या घरात, आणि सांगायचं होतं त्यांना.

पुढे रोज काही सारखं जमत नसे. एक दिवस वीतभर, दोन दिवस काहीच नाही. मॅडमनी आधीच सांगितलं होतं, असं पुढे-मागे होणार. पण माझ्या डोक्यात वेगळंच चक्र फिरू लागलं होतं. आक्का फुलं पुरी बांधू लागली, की ती बरी झाली. ती बरी झाली, की मॅडम संपल्या. मॅडम संपल्या, की चटईवर शेजारी मीच. एका दुपारी आई दळणाला गेली होती, आत्या तोंडावर पदर घेऊन घोरत होती. आक्का भिंतीकडे तोंड करून पडलेली, शेजारी पानात कळ्या तशाच. मी आवाज न करता पान उचललं, मागच्या ओट्यावर बसले, आणि मुळमभर सर बांधला. माझा हात आक्कासारखा नव्हता, पण तिनेच मला शिकवलेलं होतं. सर परत आणून पानात ठेवला. आई आली, बघितलं, आणि कुजबुजत विचारलं, "हिनें?" मी मान हलवली. मान हलवायला काहीच जड गेलं नाही.

आक्का जागी होती. मी वळले तेव्हा तिचे डोळे उघडे होते. मला वाटलं ती आता बोलेल, आणि मी तयारही होते. पण तिने फक्त डोळे मिटले. तिला काय वाटलं असेल, ते मला पुढे कळलं. त्या वेळी मी एवढंच बघितलं, की ती आईला खरं सांगत नाही. मग मी रोज बांधू लागले.

घरात जणू दिवाळी आली. आईने डांगर पचडी केली, आक्काच्या आवडीची. आत्या आळीभर सांगत सुटली, की मिरच्या जाळल्या त्याचा गुण उशिरा आला, पण आला. पुढच्या खेपेला आई आमच्याबरोबर आली आणि दारातच म्हणाली, "मॅडम, रोज पुरा मुळम बांधत्ये!" मॅडमनी आक्काकडे बघितलं. आक्काने खाली बघत मान हलवली. मॅडम जरा वेळ बघतच राहिल्या, आणि म्हणाल्या, "येणं सोडू नका. आत्ता तर मुळीच सोडू नका." पण अप्पांनी ऐकायचं तेवढंच ऐकलं. "बरी झाली ना? मग आतां लोकांच्या डोळ्यांत..." म्हणाले, आणि पुढचं सोडून दिलं. आमचं जाणं थांबलं. मी त्या रात्री समाधानाने झोपले.

आक्का माझ्याकडे परत आली नाही. हे मी धरलंच नव्हतं. मी कॉलेजातून येऊन तिच्या शेजारी बसायची, नकला करायची, आणि ती खोलीच्या छताकडे बघत असायची. आता तर बनसुद्धा नाही आणि 'असेंच'सुद्धा नाही. मी फुलं बांधत राहिले, कारण थांबले असते तर कळलं असतं.

मग एका शुक्रवारी मी कॉलेजातून आले, तर आई दारात उभी. आक्का घरात नव्हती. विहीर बघून झाली होती, आणि आई ज्या तऱ्हेने विहिरीचं नाव घेत होती ते मी विसरणार नाही. अप्पांना कचेरीतून बोलावलं. आम्ही शोधायला निघणार तोच शेजारच्या घरी फोन आला. तिरुवैयारूला अप्पांच्या ओळखीचे एक गाणं शिकवणारे मास्तर राहत, नदीच्या घाटाजवळ. त्यांनी आक्काला पायऱ्यांवर बघितलं होतं आणि ओळखून घरी आणून बसवलं होतं. अप्पा आणि मी बसने गेलो. रस्ताभर दोन्हीकडे भाताची शेतं, कालवे, आणि अप्पा ओठांत काही म्हणत होते. मास्तरांच्या तिन्नैवर आक्का बसली होती, साडी कमरेपर्यंत ओली, हातात कॉफीचा पेला. मास्तरांची बायको तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. अप्पा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांचं वाक्य सुरूच झालं नाही.

परतीच्या बसमध्ये अप्पा पुढे उभे होते, आम्ही दोघी मागे. मी तिचा हात धरला. म्हटलं, "कां गे आक्का? घरी काय कमी होतें?"

ती बाहेर बघत म्हणाली, "घरीं जाऊन काय करूं? फुलेंसुद्धां माझ्यासाठीं थांबत नाहींत."

रागाने नाही म्हणाली. बस किती वाजता आहे हे सांगावं, तसं म्हणाली. आणि मग माझा हात दाबून पुढे बोलली, "तुझें वाईट मानत नाहीं हो चिन्नी. तूं माझी लाज राखलीस. मला ठाऊक आहे."

लाज राखलीस. तिला वाटत होतं, मी ते तिच्यासाठी केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अप्पा स्वतः तिला इस्पितळात घेऊन गेले. डॉक्टरांनी काही दिवस ठेवून घेतलं, गोळ्या बदलल्या. मग मॅडमकडे पुन्हा सुरुवात झाली, आणि पहिल्याच दिवशी मॅडम दारात येऊन म्हणाल्या, "आधी धाकटी आत येऊ दे. अक्का बाहेर बसेल." आक्काने माझ्याकडे बघितलं. ती बाकावर बसली, आणि दार माझ्यामागे लागलं.

खोलीत काहीच नव्हतं. एक टेबल, दोन खुर्च्या, पंखा, पाण्याचा तांब्या. मी इतके महिने त्या खोलीत काय काय कल्पिलं होतं. मॅडम म्हणाल्या, "फुलं कोण बांधत होतं?" मी म्हटलं, "मी." त्यांनी 'का' असं विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "तू किती महिने त्या बाकावर बसलीस. मी एकदाही तुला विचारलं नाही, तुझं कसं चाललंय. ती माझी चूक." आणि त्यावर मी फुटले. मी सगळं सांगितलं. हसू, बन, 'असेंच', थर्मामीटर. सांगताना मला कळत होतं, की माझी बहीण बाहेर बसली आहे, नदीतून परत आलेली, आणि मी आत तिचा वेळ खाते आहे. आणि तरी, हे लिहायलाच हवं, मला इतकं सुख आयुष्यात क्वचित मिळालं. कुणी तरी पुढे झुकून, घड्याळ न बघता, फक्त माझं ऐकत होतं. आक्का त्या खोलीत का हसली, ते मला कळलं.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "हेवा वाटला, यात पाप नाही. तुझं म्हणावं असं ती एकच माणूस होती. पण ती आता समजते आहे की तू दयेने केलंस. दया मिळालेलं माणूस आणखी खाली जातं. तिला खरं सांग, तुला माझा हेवा वाटत होता हे सांग. तू तिला हवी होतीस, एवढी हवी होतीस की तू असलं काही केलंस, हे तिला कळू दे. मी सांगणार नाही. ते तुझं आहे." मी हो म्हटलं.

मी सांगितलं नाही. त्या आठवड्यात नाही, त्या वर्षी नाही. आक्का बरी व्हायला पुष्कळ काळ लागला, गोळ्या आणि मॅडम आणि पुन्हा ती केळीच्या पानातली फुलं, आणि या वेळी ती खरोखर सुकली, दिवसचे दिवस. नंतरही एकदा-दोनदा ते दुखणं परत आलं, पण तोवर तिला त्याची चाहूल ओळखता येत होती, आणि ती स्वतः मॅडमकडे जाऊन बसायची. ती शाळेत शिकवू लागली. लग्न केलं नाही. "मला जमलें नाहीं, आणि नको होतें," म्हणते. पण घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला, माझ्या सासरच्या माणसांनासुद्धा, ती एकच गोष्ट सांगत आली: माझ्या आजारपणात माझ्या चिन्नीने माझी फुलं बांधली, कुणाला कळू दिलं नाही. आत्या जाईपर्यंत म्हणत होती, "बहीण असावी तर अशी." मी खाली बघायची. लोकांना तो विनय वाटायचा. फुलांचं एक वेळ मी स्वतःला माफ केलं असतं. वय कोवळं होतं, अक्कल नव्हती. पण ही गोष्ट मी माझ्या देखत वाढू दिली, आणि तिची ऊब घेतली, अगदी पन्नाशी येईपर्यंत.

मागच्या महिन्यात तंजावूरला गेले, तेव्हा हे सगळं लिहिलेले कागद बरोबर नेले. आक्काला देवनागरी वाचता येत नाही. आमच्या घरात फारच थोड्यांना येतं, मीही सोलापुरात शिकले. म्हणजे मी खरं लिहिलं तेही तिला न कळणाऱ्या अक्षरांत, हे ध्यानात आलं आणि माझी मलाच शरम वाटली. दुपारचं जेवण झालं होतं. आक्का पितळेच्या ताटात गवार निवडत होती. मी म्हटलं, "आक्का, वाचून दाखवूं?" आणि दाखवलं. मऊ भातापासून मॅडमच्या खोलीपर्यंत. कुठे आमच्या बोलीत, कुठे सोलापूरकडच्या. मधे एकदा तिचा हात थांबला, तेव्हा मी वर बघितलं नाही.

संपल्यावर ती बराच वेळ शेंगांच्या शिरा काढत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे दया नव्हती?"

"नव्हती."

"एवढीं वर्षें मी तुझे उपकार मानत आल्यें."

"होय."

"त्या दिवशीं तूं आंत तासभर होतीस," ती म्हणाली. आवाज बदलला होता. मला कळेना रागावली की काय. "मी बाकावर. तासभर. मला वाटलें, आतां मॅडमना ही आवडली. ही हुशार, हिला बोलतां येतें. आतां मला कोण विचारतें? तुला सांगत्यें चिन्नी, नदीवर गेल्यें होत्यें तेव्हांसुद्धां मला एवढें वाईट वाटलें नव्हतें. माझ्या मॅडम होत्या त्या."

माझ्या मॅडम. इतक्या वर्षांनी, पिकलेल्या केसांनी, असं म्हणाली. आणि मला ते लागलं, जसंच्या तसं, त्याच जागी. मी कागद खाली ठेवले.

"माझ्याही होत्या," मी म्हटलं.

आक्काने मूठभर गवार माझ्यापुढे सरकवली.

"एका दिवसाच्या," ती म्हणाली.